ही चिठ्ठी याच बरणीची

वापरायची कशी हे न सांगता एखादी वस्तू दुसऱ्याच्या हातात देणं हे महापाप आहे, असं मानणारी अख्ख्या बेंगळुरूत एकच बाई होती आणि ती म्हणजे आमची सून. माहेर नागपूर, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिण्याची. पण हा हात ऑफिसपुरता थांबेल तर शपथ! गीझरवर चिठ्ठी, मागच्या दाराच्या कडीवर चिठ्ठी. मल्लेश्वरममधल्या आमच्या शेजारच्या अक्कांना तिनं लोणचं दिलं, तर बरणीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: 'चमचा कोरडा हवा. तेल कमी वाटलं तरी घालू नका, थोडं थांबा. ही चिठ्ठी याच बरणीची. पुढच्या वर्षीच्या लोणच्याला लागू नाही.' अक्का म्हणाल्या, "अय्यो, उप्पिनकाईला पण मॅन्युअल!"

एकदा तिच्या साहेबांनी फर्मावलं, की यापुढे सॉफ्टवेअरसोबत पुस्तिका द्यायची नाही, सगळं फक्त वेबसाइटवर ठेवायचं. सूनबाई आमच्या जेवणाच्या टेबलावरूनच, लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये भांडत होती. भांडण हिंदी-इंग्रजीत चाललेलं, मी पेपरआडून मराठीत ऐकत होतो. "सर, वेबसाइटवर नव्या आवृत्तीचं लिहिलेलं असणार. गिऱ्हाईक अजून जुनीच वापरतंय. पानावरचं बटण त्याच्या पडद्यावर नाहीच, तर त्यानं दाबायचं काय? आणि इंटरनेट नसेल तर? पुस्तिकेशिवाय मी सही करणार नाही." साहेब म्हणाले, मग पुढचं काम दुसरं कुणीतरी करेल. माझा मुलगा दारातून कुजबुजला, "अगं, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर ना!" नोकरी जाते की काय, म्हणून मी पेपर खाली ठेवला. ती शांतपणे म्हणाली, "सर, आत्ता इंटरनेट बंद करा आणि आपलं सॉफ्टवेअर स्वतः बसवून दाखवा."

साहेब सरळ माणूस. त्यांनी खरंच बंद केलं आणि अर्थातच मीटिंगमधून गायब झाले. माझ्या बायकोनं सूनबाईपुढे ठेवलेला उपमा गार झाला. शेवटी साहेब उगवले आणि म्हणाले, "मदतीचं बटण दाबलं तर कोरं पान येतंय. पुस्तिका सोबत जाऊ दे."

माझी छाती अशी फुगली, की जणू मीच भांडून आलो होतो. ही हकिकत मी अक्कांना सांगितली, दूधवाल्याला सांगितली, आणि सॉफ्टवेअर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना तर अगदी तपशीलवार सांगितली.

आता मुलाच्या बदलीमुळे दोघं पुण्याला गेलीत. जाताना तिनं मला रक्तदाब मोजायचं यंत्र दिलं, चिठ्ठीसकट. मी जन्मभर सरकारी कारखान्यात यंत्रं चालवलेला इंजिनिअर. ते यंत्र मला पहिल्या दिवशीच जमलं. चिठ्ठी पाठ आहे. 'तरीही अडलं तर मला फोन करा,' ही तिची शेवटची ओळ.

रविवारी सकाळी मला हमखास अडतं. फोन उचलून ती आधी विचारते, "बाबा, चिठ्ठी वाचलीत का?" मी धडधडीत खोटं बोलतो, "नाही गं." मग ती पहिल्या ओळीपासून सांगायला लागते.