कोनाड्यातला कोळी

कोनाड्याच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलंय. सकाळचं ऊन त्यावर पडलं की मी बघत बसतो. मला अक्षरं बेताचीच येतात, पण कसबी काम लांबून ओळखतो.

आज सूनबाई कुंचा घेऊन आली. "आबा, सरका. जळमट काढते. घर आहे का रान?"

"राहू दे म्हटलं ना!"

माझी बायको गोवरी उचलण्याआधी ढिगावर काडीनं टकटक करायची. "सरका रे, चूल पेटवायचीय," असं विंचवांना सांगायची. मी हसायचो. एकदा गोवरीवर विंचू दिसला तशी मी वहाण उगारली, तर माझा हात धरून म्हणाली, "अहो, पाठीवर पिल्लं आहेत तिच्या. बाळंतिणीला मारता?" अन् ती गोवरी तशीच अलगद नेऊन कुंपणापाशी ठेवली.

पुढं गॅस आला. गोवऱ्या गेल्या, विंचू गेले, तीही गेली. तिनं सांभाळलेल्या गोतावळ्यातला एवढा हा कोळीच उरलाय.

शेवटी हे सगळं सूनबाईला बोललोच. मग कोनाड्याएवढी जागा सोडून तिनं बाकीची भिंत झाडली.