हुलग्यावरचा मान

तात्याराव मोटारसायकलवरून कधी पडला नाही, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं. जनावरांच्या दवाखान्याची लस तो बिदरहून संतपूरकडच्या गावांना पोचवायचा. मागं बर्फाचा डबा बांधलेला, खाली जुनी राजदूत. समोर कुणी नसलं तरी वळणावर हॉर्न द्यायचा. पेट्रोल वाचवायला सगळे उतारावर गाडी बंद करून सोडत. तो तसं करत नसे. पोरं त्याला बैलगाडी म्हणायची.

"बैलगाडीवाला घरी पोचतो का न्हाई? मग," तो म्हणायचा.

सुगीत आमच्याकडं हुलगा डांबरी रस्त्यावर पसरतात. लॉऱ्या, बसगाड्या वरून जातात आणि शेंगा फुटतात. गाड्यांनी कडेला सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना दगड मांडतात. मोटारसायकलवाले शेतकऱ्याचं मन राखायला वरून जात. तात्याराव गाडी खाली मातीत उतरवायचा. सुटे दाणे चाकाखाली कसे फिरतात, ते त्यानं बघितलं होतं.

हणमंतराव रस्त्याकडेला बसून हाक मारायचे, "का रं तात्या, आमच्या हुलग्यानं तुझी गाडी बाटती व्हय?"

सगळे हसायचे. तात्यारावही हसायचा. बौद्ध होण्याआधी त्याचे वडील याच हणमंतरावांच्या खळ्याबाहेर उभे राहायचे. धान्य त्यांच्या पदरात वरून पडायचं.

१९८४ साली बिदरमधल्या एका मोटारसायकल संघानं बक्षीस काढलं. पुष्कळ वर्षं चालवूनही ज्याच्या नावावर एकही अपघात नाही, अशा माणसासाठी. तात्यारावाचं नाव निघालं. आमच्या वस्तीतलं मंचावर गेलेलं ते पहिलंच नाव. मी त्याच्या मागं बसून गेलो होतो. संघाचे चिटणीस सोमशेखर यांनी त्याला शाल, लाकडी ढाल आणि हेल्मेट दिलं. चार शब्द बोला म्हणाले.

"मी हळू चालवतो," तात्याराव म्हणाला आणि खाली उतरला.

परत येताना हेल्मेट त्याच्या डोक्यावर होतं. तो वाऱ्यात ओरडून म्हणाला, "आता पडलो तर लई वाईट दिसंल बघ."

गावाजवळ रस्त्यावर हुलगा होता. हणमंतराव, त्यांची पोरं, शेजारपाजारचे लोक वाट बघत उभे होते. बातमी आधीच पोचली होती. हणमंतरावांच्या हातात फेटा होता.

"तात्याराव, उतरा," ते म्हणाले. राव त्यांनी पहिल्यांदाच लावलं.

त्यांनी स्वतः फेटा बांधला. हेल्मेट माझ्या हातात आलं. फेट्यावर ते बसणारही नव्हतं.

"आज तुमचं चाक आमच्या हुलग्यावर पडलं पायजे. मान हाय तुमचा."

तात्यारावानं रस्त्याकडं बघितलं. मग लोकांकडं.

"तू इथंच थांब," तो मला म्हणाला.

तो हळू चालवत गेला. मधोमध असताना समोरून बस आली. त्यानं ब्रेकला पाय लावला. मागचं चाक सरकलं. बस त्याच्यापासून लांबच होती. त्याचं डोकं कडेच्या दगडावर आपटलं. फेटा सुटून पुढं गेला.

आम्ही त्याला बसमध्ये घातलं. बिदर येण्याआधी तो गेला.

संध्याकाळी पोलीस ठाण्याच्या जमादाराला घेऊन मी तिथं परतलो. रस्ता झाडलेला होता. हुलगा नव्हता. दगड नव्हते. रस्त्यावर धान्य टाकलं तर गुन्हा लागतो, हे हणमंतरावांच्या पोरांना माहीत होतं.

"हुलगा कुठाय?" जमादारानं विचारलं.

मी सांगत राहिलो. उभी असलेली माणसं जमिनीकडं बघत राहिली. जमादारानं लिहिलं, गाडी वेगात होती.

हणमंतराव नंतर वस्तीत आले. तात्यारावाची बायको चांगुणाबाई दारात बसली होती. ते अंगणातच थांबले.

"मी मान दिला हुता गं."

"व्हय अण्णा," ती म्हणाली. "त्यास्नी न्हाई म्हनता आलं न्हाई."

महिन्यानं सोमशेखर आले. चहा घेतला. ढालीकडं बघितलं. मग म्हणाले, पोलिसांच्या कागदात वेग लिहिलाय. संघात बोलणं झालं. बक्षीस त्याच्या नावावर ठेवता येत नाही.

"मी तिथं होतो," मी म्हणालो.

"तुम्ही मित्र आहात," ते म्हणाले. आवाज मऊ होता.

चांगुणाबाईनं ढाल पदरानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"नाव काढा," ती म्हणाली. "पर ते हळू चालवायचे, एवढं कुठंतरी लिवता?"

सोमशेखर उठले. चपला घातल्या.

"कुठं लिहिणार, अक्का," ते म्हणाले.