सिंहाचं पान

हट्ट्याच्या वैजनाथतात्यांनी वारंगा फाट्यावरून एक जुना परदेशी कोट घेतला. त्याच्या छातीवर ढाल आणि सिंह विणलेला होता. तात्यांनी तेच चिन्ह पेंटरकडून दारावर काढून घेतलं आणि आपलं घराणं मूळचं सिंहाचं, असं गावभर सांगत सुटले. लेकीनं, ज्योतीनं, मोबाईलवर शोध लावला. चिन्ह चेक देशातल्या एका जुन्या सरदार घराण्याचं निघालं. वंश कधीच बुडालेला.

"मंग त्यांचं पान कोण वाढून राहिलं?" तात्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी विचारलं.

तेव्हापासून सर्वपित्री अमावस्येला कमलबाई सासऱ्याच्या पानाशेजारी सरदारांचंही पान ठेवतात. कावळा दरसाल आधी त्यालाच शिवतो. तात्यांच्या वडलांना आपल्याच दारात थांबावं लागतं.