मसाजच्या खुर्चीपायी अडलेलं घर

कवळीवाल्याला नाही म्हणता येत नसे. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो दिवसभर कवळ्या घासत बसायचा. तिथे त्याच्याशी बोलायला कुणी येत नाही म्हणूनच आपला संसार टिकलाय, असं त्याची बायको सगळ्यांना सांगायची. ती शहर बस चालवायची आणि तिला मात्र उठता-बसता नाही म्हणायची सवय होती.

दोघांचं गृहकर्ज मंजूर झालं तेव्हा बँकेतल्या बाईंनी बजावलं, "घराची नोंदणी होईपर्यंत हप्त्यांवर काही घेऊ नका. पैसे सोडण्याआधी आम्ही क्रेडिट रिपोर्ट पुन्हा बघतो."

"हे साधा पंखासुद्धा घेणार नाहीत," बायको म्हणाली. "मी आहे ना."

ती होती, पण बसमध्ये. कवळीवाला एकटाच पडद्यांचं कापड बघायला गेला आणि शेजारच्या दुकानदाराने त्याला गोड बोलून मसाजच्या खुर्चीत बसवलं. खुर्चीने त्याची पाठ मळली, पोटऱ्या दाबल्या. त्याला डुलकी लागली.

"बिनव्याजी हप्ते आहेत, साहेब. इथे फक्त अंगठा टेकवा."

उठून विचार करावा म्हटलं तर खुर्चीने खांदे धरून ठेवलेले. त्याने अंगठा टेकवला. खुर्ची घरी नेण्याची छाती नव्हती, म्हणून ती सासूबाईंकडे पाठवली.

नोंदणीच्या आदल्या दिवशी बँकेतल्या बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. "हे नवीन कर्ज कसलं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"पंखा नाही घेतला," कवळीवाला म्हणाला.

बाईंनी समजावलं, की हा हप्ता धरला तर घराचा हप्ता त्यांच्या पगारात बसत नाही. खुर्चीचं कर्ज फिटल्याचं पत्र आणल्याशिवाय पुढचं काही होणार नाही.

दोघं तडक सासूबाईंकडे गेले. त्या खुर्चीत पाय पसरून बसल्या होत्या आणि खुर्ची जोरात चालू होती.

"आई, ऊठ. ही परत द्यायचीय."

"ना-आ-ही उ-उ-ठणार," सासूबाई म्हणाल्या. "वी-ई-स वर्षांत को-ओ-णी पाय दा-आ-बलेत माझे?"

लेकीला हसू आवरेना, पण हसायचं नाही म्हणून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुकानदाराला फोन लावला, तर तो वापरलेली खुर्ची परत घेईना. शेवटी सासूबाईंनी खुर्ची बंद केली, पदर सावरला आणि आपली ठेव मोडून सगळे पैसे एकरकमी भरले. कवळीवाला त्यांच्या पाया पडायला वाकला, तर म्हणाल्या, "पाया नका पडू, खुर्चीला धक्का लागेल."

पत्र मिळालं, बँकेने रिपोर्ट पुन्हा काढला आणि आठवडाभर उशिरा का होईना, घर झालं. आता रविवारी दोघं सासूबाईंकडे जातात. लेकीला अर्धा तास खुर्ची मिळते. जावयाला पंधरा मिनिटं, तीही आधी भांडी घासली तर.