स्कॅनिंगच्या आधीचं पाणी

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत अंजनीला आठ वर्षं झाली होती, आणि त्या आठ वर्षांत कामाच्या वेळेत तिनं पाण्याचा एक घोटही घेतला नव्हता. यात तिची एकटीची काही फुशारकी नव्हती. वखारीतल्या साठ बायकांपैकी कुणीच घेत नसे. वाऱ्यानं माल उडू नये म्हणून दारं बंद असत. आत बायका तोंडाला फडकं बांधून तंबाखू चाळत, धुरळ्यानं घसा खरवडून निघे, कोपऱ्यात पाण्याचा डेरा भरलेला असे. पण त्याच्याकडं कुणी फिरकायचं नाही. वखार बांधणाऱ्याला पुढं कचेरी सुचली, बाजूला मालकाच्या मोटारीला छप्पर सुचलं, बायकांना जायला जागा तेवढी सुचली नाही. मागच्या माळावर जायचं तर दिवस उगवायच्या आत, नाहीतर बुडाल्यावर. मधल्या वेळेत जायचं तर मुकादमाकडून फाटक उघडून घ्यायला लागे, आणि तो शहाणा साठ बायकांदेखत विचारायचा, "कशाला?"

सून म्हणून आल्यावर तिसऱ्याच दिवशी सासूनं, गंगव्वानं, तिला वखारीत नेलं आणि चाळण हातात द्यायच्या आधी शिकवण दिली. "सकाळी अर्धा कप च्या घ्यायचा. मग दिस बुडंपत्तूर तोंड बंद. तीस वर्सं मी असंच काढलं." अंजनी तेव्हा सतरा वर्षांची होती. पहिले आठ दिवस तिचं डोकं ठणकलं, नंतर सवय झाली. अंगाला एकदा शिकवलं की ते मुकाट्यानं शिकतं.

लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले. नऊ महिने पोटावर पदर ओढून तिनं चाळण चालवली. बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात गेली, कळा सोसल्या, आणि मूल झाल्यावर खोलीत कुणी बोलेचना. गंगव्वानं काहीतरी जुन्या लुगड्यात गुंडाळून बाहेर नेलं. "गेलं ते," एवढंच ती परत आल्यावर म्हणाली. अंजनीला दाखवलं नाही. कसं होतं ते सांगितलं नाही. महिन्याभरानं वखारीत चाळणीपलीकडून एक बाई दुसरीला दबक्या आवाजात म्हणाली, "डोकंच झालं नव्हतं म्हनं." ते अंजनीनं ऐकलं. चाळण थांबली नाही, पण त्या दिवसापासून तिच्या आत कुठंतरी बधिर झालं. ती जेवायची, हसायचीसुद्धा. फक्त मनाला काही लागायचं नाही.

आता दोन वर्षांनी पुन्हा पाचवा महिना चालू होता. तिनं कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं. हिरव्या बांगड्या भरून घेतल्या नाहीत, काही खावंसं वाटतं असं बोलली नाही. चुकूनही तिचा हात पोटावर जात नसे. पोटातल्याला ती "ते" म्हणायची, तेही कुणी विषय काढलाच तर. शेजारणी म्हणायच्या, बाई दगडाची आहे. शेजारणींचं काय जातं.

नवरा कृष्णात बेळगावला उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला होता. आठवडाभर तिकडं खोलीवर राहायचा आणि शनिवारी रात्री घरी यायचा. तो मुलखाचा अबोल. पण यावेळी त्यानं फौंड्रीतल्या साहेबांना धीर करून विचारलं, आणि साहेबांनी एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्यांच्याकडं नवं मशीन आलं होतं, पोटातलं मूल काचेवर दाखवणारं. पाचव्या महिन्यात डोकं झालंय की नाही ते स्पष्ट कळतं, असं तो भेटायला गेला तेव्हा त्या म्हणाल्या. त्यानं मंगळवार ठरवला आणि रविवारी आईला आणि बायकोला समोर बसवून, जमिनीकडं बघत, सांगितलं.

"सकाळी लई पानी पिऊन यायचं. आनि तपासंपत्तूर लघवीला जायचं न्हाय. एवढं दोनच हाय."

एवढं बोलून तो लाजेनं बाहेर गेला. बिचाऱ्यानं निरोप अक्षर न् अक्षर आणला होता. पण ऐकणाऱ्या दोघी वखारीतल्या होत्या. त्यांनी चुलीपुढं बसून त्याचा विचार केला.

"दोन तास यष्टी," गंगव्वा म्हणाली. "संकेश्वरला थांबंल न थांबंल. पानी पिऊन कसं तटवशील?"

"न्हाय जमायचं, आत्ती."

"मग? लघवीला जायचं न्हाय हे पक्कं. त्याला पानी प्यायचं न्हाय, हाच उपाय. आपल्याला काय हे नवं हाय?"

झालं. दोन अटींमधली एक जन्मभराच्या सवयीची निघाली आणि दुसरी शहरातल्या माणसांचं बोलणं म्हणून बाजूला पडली. सोमवारी दुपारपासून अंजनीनं पाण्याला तोंड लावलं नाही. रात्री भाकरी कोरडीच गिळली. मंगळवारी पहाटे माळावर जाऊन आली ती शेवटची.

यष्टीत ती खिडकीशी बसली होती. यमकनमर्डीचा घाट आला, गेला. आज कळणार, हे तिला माहीत होतं. डोकं असलं तर काय आणि नसलं तर काय, याचा विचार करायला बसली की मन पुढं सरकेचना. पाय बराच वेळ मुडपून बसल्यावर जसे आपले वाटत नाहीत, तसं तिला स्वतःचं सगळंच वाटत होतं. गंगव्वानं दोनदा विचारलं, "भ्या वाटतंय व्हय गं?" दोन्ही वेळा ती न्हाय म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. भीती वाटायलाही आत कुणी जागं असावं लागतं.

दवाखाना चकाचक होता. कृष्णात आधीच येऊन दाराशी उभा होता, कामाचे कपडे बदलून, केस पाणी लावून बसवलेले. अकरा वाजता आतून नर्स आली. तिनं अंजनीच्या पोटावर हात दाबून बघितला आणि विचारलं, "पाणी किती प्यायलात?"

"न्हाय प्याले."

"म्हणजे आज सकाळपासून?"

"काल दुपारपास्नं," गंगव्वा पुढं होऊन अभिमानानं म्हणाली. "आनि पहाटंपास्नं लघवीला बी गेली न्हाय बघा. अजून चार तास काढंल."

नर्सनं कपाळाला हात लावला. ती आत गेली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाई कानडी वळणाचं मराठी बोलत. त्या रागावल्या नाहीत. लघवीची पिशवी भरली की गर्भाची पिशवी वर उचलली जाते, म्हणजे मूल नीट दिसतं. ती रिकामी असली तर काही दिसणार नाही, असं त्यांनी समजावलं. मग अंजनीच्या सुकलेल्या ओठांकडं बघून म्हणाल्या, "पाणी का नाही प्यायचं, कुणी सांगितलं तुला?"

अंजनीनं सासूकडं बघितलं नाही. "सवय हाय," ती म्हणाली.

"मी दोनी सांगितलं हुतं की," कृष्णात पुटपुटला.

"तू सांगितलंस रं," गंगव्वा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आमी आमच्या अकलंनं गेलो."

तर मग अंजनी बाकावर बसली आणि पाणी पिऊ लागली. नर्सनं स्टीलचा जग भरून ठेवला होता. पहिला पेला घशाखाली उतरेना, दुसऱ्याला ठसका लागला. बाकीच्या बायका बघत होत्या, आणि भर दिवसा चारचौघांत पाणी पिताना तिला चोरी केल्यासारखं होत होतं. तिसरा, चौथा. पाचव्या पेल्याला पोटात थंडगार उतरल्याचं कळलं. आणि त्या थंडीनं आत काहीतरी दचकलं, वळलं.

तिचा पेला हातात तसाच राहिला. हे पहिल्यांदा होत नव्हतं. गेले पंधरा दिवस होत होतं, आणि ती त्याला पोटात वारा धरला म्हणत होती. आता मात्र तिला तसं म्हणता येईना.

शेजारच्या एका बाईनं सहज विचारलं, पोरगं हवंय का पोरगी? गंगव्वा म्हणाली, "ते इचारायला न्हाय आलो बाई. डोकं हाय का बघायला आलोय." बाई हळूच दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. कृष्णात उठून बाहेर गेला.

दोघीच राहिल्यावर अंजनी पेल्यात बघत म्हणाली, "आत्ती, मागलं काय हुतं?"

गंगव्वानं ऐकलं नाही असं दाखवलं. मग तिला ते जमलं नाही. दोन वर्षं तिनं ही गोष्ट एकटीनं वागवली होती, सुनेला लागू नये म्हणून. चांगलं करायला गेली होती बिचारी.

"पोरगी हुती," ती म्हणाली. "हातपाय लई गोमटे. बोटं तुझी हुती, लांब. डोळ्याच्या वर तेवढं काय न्हवतं. मी लुगड्याच्या पदरानं झाकलं. मग चांगली दिसत हुती."

दोन वर्षं अंजनीच्या मनात एक बिनडोक्याचं ओझं होतं, त्याला ना हात ना पाय. आता त्याला बोटं आली. तिनं सहावा पेला भरून घेतला.

दीड वाजता बोलावलं तेव्हा तिला उभं राहणं अवघड झालं होतं. अंधाऱ्या खोलीत पोटावर काहीतरी गार, चिकट लावलं. गंगव्वाला आत येऊ दिलं होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. छोट्या काचेवर करडं, पांढरं असं हललं. बाई बराच वेळ बोलल्याच नाहीत. पहिल्या बाळंतपणात खोली अशीच गप्प झाली होती. अंजनीनं डोळे मिटले नाहीत. ती नुसती पडून राहिली.

"हे बघ," बाई म्हणाल्या. काचेवर त्यांनी बोट फिरवलं. "हा गोल दिसतो? हे डोकं. कवटी पूर्ण झालेली आहे. आता मोजते."

"परत दाखवा."

त्यांनी परत बोट फिरवलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा बाईंनी तिचाच हात धरून बोट काचेवर ठेवलं आणि गोल फिरवून घेतलं. काच कोमट होती. बाईंनी पाठीचा कणा दाखवला, हृदय उडताना दाखवलं आणि सगळं ठीक आहे असं दोनदा सांगितलं. भिंतीशी गंगव्वा तोंडात पदर कोंबून उभी होती. अंजनीला आनंद झाला पाहिजे हे कळत होतं, झाला नाही. तिच्या डोक्यात एवढंच आलं की मागल्या पोरीचंही एवढंच गोल हवं होतं. एवढंच.

"आता जा, मोकळी हो," बाई म्हणाल्या. "मागं बाथरूम आहे."

पांढऱ्या फरशीची स्वच्छ न्हाणी होती, आतून कडी होती, नळाला पाणी होतं. दार लावून अंजनी बसली, आणि बसल्या बसल्या तिला रडू फुटलं. आवाज न करता नाही, चांगला हंबरडा फोडून. लुगड्यात गुंडाळून नेलेल्या पोरीसाठी ती रडली, लांब बोटांच्या. पोरगी होती हे माहीत नसल्यानं तिला रडताही आलं नव्हतं. बाहेर गंगव्वा दाराला पाठ लावून उभी राहिली होती, माळावर बायका एकमेकींसाठी उभ्या राहतात तशी. कुणी आलं तर ती सांगायची, "आत सून हाय. येळ लागंल."

कृष्णातनं स्टँडवर शेंगा घेऊन दिल्या होत्या; परतीच्या यष्टीत अंजनी त्या फोडून सासूला देत राहिली. मन पुन्हा मुकं झालं होतं, पण आधीसारखं नाही. दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी वखारीत जाताना तिनं घरातला पितळी तांब्या बरोबर घेतला. गंगव्वानं बघितलं. दुपारी बारा वाजता, चाळण बाजूला ठेवून, अंजनीनं तोंडावरचं फडकं सोडलं आणि डेऱ्यातलं पाणी तांब्याभर घेऊन सगळ्यांदेखत प्यायली. तासाभरानं ती उठली. फाटकाशी मुकादम पान चघळत बसला होता.

"कशाला?" त्यानं नेहमीप्रमाणं विचारलं.

अंजनीनं तोंड उघडायच्या आधी मागून गंगव्वाचा आवाज आला. "लघवीला. सून पोटुशी हाय माजी. पाचवा लागलाय, डोकं झालंय. रोज पानी पिनार, रोज जानार. उघड."

चाळण्या थांबल्या होत्या. मुकादमानं साठ बायकांकडं बघितलं आणि फाटक उघडलं. अंजनी पोटावर हात ठेवून बाहेर गेली. ती परत आली तेव्हा तिच्या जागेवर तांब्या नव्हता. गंगव्वानं तो भरून घेतला होता आणि डेऱ्यापाशी उभी राहून, डोळे मिटून, गटागटा पीत होती. अडतीस वर्षांनी.