फळ्याचा उजवा कोपरा

"सांगा की. पन हितं नाव कुनाचं टाकू?"

एवढं म्हणून तो खडूने फळ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर दोनदा टकटक करायचा. बातमी घेऊन आलेला माणूस आधी त्या कोपऱ्याकडे बघायचा, मग रस्त्याकडे, आणि बहुतेक वेळा त्याला एकदम आठवायचं की आपली राहुरीची गाडी लागली असेल.

आमचं गाव नगर-मनमाड रस्त्यावर, कोल्हारच्या अलीकडे. नव्वदनंतरच्या एका वर्षी ग्रामपंचायतीने स्टँडसमोरच्या भिंतीवर काळा फळा करून घेतला. वर पांढऱ्या रंगात 'वार्ताफलक' अशी अक्षरं. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होतो, माझं अक्षर साऱ्या तालुक्यात नावाजलेलं, शिवाय नगरच्या एका दैनिकाला मी बातम्या पाठवायचो. फळा माझ्याकडेच येणार, हे मी धरून चाललो होतो. बायकोला तसं सांगूनही टाकलं होतं.

पण ती भिंत होती त्याच्या दुकानाला लागून. तो कपडे शिवायचा. खडू त्याच्या कानावर आधीपासूनच होता. सरपंच जाता जाता म्हणाले, "मास्तर, तुमीच लिव्हत जा." झालं, विषय संपला. टेलर म्हणून सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. बी.एड. केलं मी, आणि मास्तर तो! मी आपला नुसता सर.

जळफळाट म्हणजे काय ते मला विचारा. तो सातवी पास, बौद्धवस्तीतला, मशीनच्या वर बाबासाहेबांचा फोटो, येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्याने जयभीम. आणि गाव थांबून त्याचं लिहिलेलं वाचतं. यातलं नेमकं काय मला सलत होतं, ते मी तेव्हा स्वतःलाही धड सांगितलं नाही. समोर मी त्याला अहोजाहो करायचो, मनात अरेतुरे. लिहितानाही ती सवय गेलेली नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्याचं अक्षर बघून माझा हात लाल पेनासाठी शिवशिवायचा. ओळी डावीकडे वर सुरू व्हायच्या आणि उजवीकडे उतरत उतरत थेट त्या कोपऱ्यात, तिथल्या नावावर येऊन थांबायच्या. कारण प्रत्येक बातमीखाली नाव असायचंच. सांगणाऱ्याने नाव दिलं तर त्याचं. नाही दिलं तर हा मशीन बंद करून सायकल काढायचा, स्वतः जाऊन खात्री करायचा, आणि मग स्वतःचं नाव टाकायचा.

"एवढं कशाला, मास्तर?" मी एकदा विचारलं. "खाली ग्रामपंचायत लिहा, झालं."

"सर, मी शिवलेल्या शर्टाच्या कॉलरला आतून माझ्या नावाची पट्टी असती. शिलाई उसवली तर मानूस कुनाकडं यील? माझ्याकडंच ना? मंग फळ्याचं काय येगळं हाय?"

एकदा आभाळ बघून त्याने लिहिलं, 'उद्या पाऊस येईल.' आला नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मजकूर होता: 'काल लिहिलेला पाऊस आला नाही. दिलगीर आहे.' खाली सही. अख्खं स्टँड हसलं, आणि त्या हसण्यात गावाला तो जास्तच आवडायला लागला. माझी बातमी पेपरात आतल्या पानावर यायची, वर 'आमच्या वार्ताहराकडून'. तो वार्ताहर म्हणजे मी, हे सांगत मला गावभर फिरावं लागायचं.

आज मोबाईलवर कोणाबद्दलही काहीबाही पुढे ढकलून "आलं तसं पाठवलं" म्हणणारी माणसं पाहिली की मला ती टकटक ऐकू येते. पण लोकांचं कशाला, माझंच सांगतो.

गावात सुमनबाई म्हणून एक विधवा बाई होत्या. दोन म्हशी, दहा घरी दुधाचा रतीब, उरलेलं दूध डेअरीवर. एका सकाळी चहाच्या हॉटेलात कोणीतरी म्हणालं, डेअरीने सुमनबाईचं दूध परत केलं, पाणी निघालं. डेअरी तिथून दोनशे पावलांवर होती. मी गेलो नाही. पेपरला पाठवायला ती बातमी मला कच्ची वाटली. त्याच्या फळ्याला चालेल, असं वाटलं. का वाटलं, तेही सांगून टाकतो: एकदा तरी तो तोंडघशी पडावा.

मी दुकानात जाऊन सांगितलं.

"पक्कं का, सर?"

"मास्तर, मी पेपरचा माणूस आहे."

त्याने कानावरचा खडू काढला, बाहेर आला, कोपऱ्यावर टकटक केली. "मंग हितं तुमचं नाव टाकू?"

"आम्हाला नाव देता येत नाही. पेपरचा नियम असतो."

असा काही नियम नव्हता. तो थोडा वेळ सायकलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी पोरांना शिकिवता. तुमी उगं सांगनार न्हाई." आणि त्याने बातमी लिहून खाली स्वतःचं नाव टाकलं. दुसऱ्याने सांगितलेली बातमी खात्री न करता स्वतःच्या नावावर त्याने लिहिली, ती एवढीच. माझ्या शब्दावर.

तीन दिवस ती फळ्यावर राहिली. रतीबाची घरं एकेक करून बंद झाली. सुमनबाई भरलेली किटली घेऊन दारोदार जायच्या आणि तशाच परत यायच्या. चौथ्या दिवशी डेअरीच्या सेक्रेटरीने खुलासा केला: परत गेलेली किटली दुसऱ्याच कुणाची होती. दोन्ही किटल्यांच्या तोंडाला सारखंच हिरवं फडकं होतं, ओळखण्यात चूक झाली.

सुमनबाई तडक दुकानात आल्या. मी तेव्हा पँटचं माप द्यायला उभा. टेप माझ्या कमरेभोवती, दोन्ही टोकं त्याच्या हातात. पळायलाही जागा नव्हती.

"मास्तर, मी न घातलेलं पानी कुनी घातलं? कुनी सांगितलं तुमाला? त्याचं नाव सांगा!"

माझ्या कमरेवरची टेप हलली नाही.

"खाली नाव कुनाचं हुतं, बाई?" त्याने विचारलं.

"मला कुठं वाचता येतंय? लोक म्हनले, तुमचंच."

"मंग झालं तर. माझंच."

त्याने फळा पुसला. 'सुमनबाईंच्या दुधात पाणी नव्हतं. मी खात्री न करता लिहिलं. चूक माझी आहे.' चूक तीन दिवस फळ्यावर होती म्हणून दुरुस्तीही तीनच दिवस ठेवली, दुसरी एक ओळ लिहिली नाही. आणि त्या तीनही सकाळी तो सुमनबाईंची किटली आपल्या सायकलीला अडकवून रतीबाच्या प्रत्येक दारात गेला. "मी चुकीचं लिव्हलं हुतं. दूध घ्या." बाई मागे उभ्या. दहाच्या दहा घरं पुन्हा सुरू झाली, वर दोन वाढली.

मी काय केलं? पोरांचे परीक्षेचे पेपर तपासत बसलो. गावात जो तो म्हणायचा, मास्तरसारखा माणूस नाही. चूक माझी आणि नाव त्याचं झालं. खोटं कशाला सांगू, मला त्याचाही हेवा वाटला.

त्याने तो विषय माझ्याकडे कधी काढला नाही. फक्त पँट न्यायला गेलो तेव्हा म्हणाला, "सर, कंबर जरा सैल ठेवलीय. त्या दिशी तुमाला लई घाम आला हुता." आणि पुन्हा मशीन चालू केलं.

पुढे त्याला दिसेनासं झालं. सुईत दोरा जाईना. मुलगा नगरला एमआयडीसीत होता, केडगावात त्याचं घर. तो न्यायला आला. जायच्या दिवशी मास्तरने मला बोलावून खडूची पेटी आणि पुसायचं फडकं दिलं. "सर, आता तुमचं अक्षर दिसू द्या गावाला."

फळा मिळाला! इतकी वर्षं हवा होता तो. मी रोज रेखीव अक्षरात लिहू लागलो. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण खाली नाव टाकायला हात जायचा नाही. रोज एकाच जागी सही झाल्याने तो कोपरा पांढरट पडला होता, ओल्या फडक्यानेही तो डाग निघायचा नाही. मी त्याच्या वरच थांबायचो. हळूहळू लोक चालता चालता वाचू लागले, मग वाचेनासे झाले.

वर्षभराने पुण्याहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरने निरोप आणला. केडगावला आदल्या दिवशी मास्तर गेले.

इथून पुढे मला त्यांना 'तो' म्हणवत नाही.

मी फळा पुसला आणि मास्तर गेल्याचं लिहिलं. हात तिथे थांबेना. पुढे लिहिलं, 'सुमनबाईंच्या दुधाची खोटी बातमी मास्तरांना मी दिली होती.' ओळी खाली उतरत गेल्या. माझ्या ओळी कधी वाकड्या जात नाहीत. मग त्या पांढरट डागावर माझं नाव लिहिलं.

मागे किटलीचा आवाज झाला. सुमनबाई रतीब घालून परत चालल्या होत्या.

"सर, आज लोकं उभी हायेत. काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं. पहिली ओळ वाचली तेव्हा त्यांनी किटली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मग दुसरी वाचली. खालचं नाव न वाचता मी नुसतं मोघम 'मी' म्हणून थांबलो. स्टँडवर गाडी लागत होती, पण मला कुठे जायचं नव्हतं.

सुमनबाई पुढे आल्या. बोटाने त्यांनी कोपऱ्यावर दोनदा टकटक केली.

"आन् हितं नाव कुनाचं हाय?"

मी मोठ्याने माझं नाव वाचलं.