सुभेदारांचं आभाराचं भाषण

आकाराम सुभेदारांनी बावीस वर्षं फौजेत काढली. त्यांनी खोटं बोलल्याचा एक दाखला कुणी काढून दाखवावा, मी मिशी उतरवीन! शिरवळजवळच्या त्यांच्या गावात बांधाचं भांडणसुद्धा त्यांच्या शब्दावर मिटायचं. म्हणून तर बनुबाई त्यांच्याकडे आली. तिची विहीर रंगाच्या कारखान्याच्या कुंपणाला लागून. कारखान्याचे मालक तिकडे जर्मनीत. पाणी तांबूस झालं होतं, म्हैस गाभडली होती, नातवाच्या अंगावर फोड उठले होते.

"आवं सुभेदार, तुमीच कायतरी करा," एवढंच ती म्हणाली.

मग सुभेदारांच्या अर्जावरून सरकारी साहेब पाणी तपासायला आला. कशातून? तर मॅनेजरच्या गाडीतून! विहिरीकडे फिरकलाच नाही. कॅन्टीनच्या नळाखाली बाटली भरली, पोटभर जेवला आणि 'पाणी उत्तम' म्हणून कागद देऊन गेला. चोर चोर मावसभाऊ, दुसरं काय! सुभेदार खवळले. नात शिवांजलीकडून त्यांनी थेट जर्मनीला इंग्रजीत तक्रार धाडली. आणि नवल म्हणजे उत्तर आलं. चौकशीला एक बाई येणार होत्या.

मॅनेजर पक्का बेरकी. बाई येणार त्याच दिवशी त्याने माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. सुभेदारांना वाटलं, बरंच झालं, बाईंची गाठ तिथंच पडेल. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ, वर टाळ्या. पाठोपाठ माईक पुढे आला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. अंगावर शाल असताना यजमानाची उणीदुणी कोण काढतं?

सुभेदार बोलून गेले, "कंपनीनं आमच्या गावासाठी लय केलंय. आमी समदे त्यांचं उपकार इसरणार न्हाई."

विहिरीचं मागाहून बाईंना बाजूला घेऊन सांगू, असा त्यांचा बेत. मॅनेजर मात्र बाईंच्या कानाशी लागून शब्द न् शब्द इंग्रजीत सांगत होता. बाई लिहून घेत होत्या. फोटोवाल्यांच्या गराड्यातून सुभेदार बाहेर पडेपर्यंत बाईंची गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली होती.

"आबा, विहिरीचं का नाही बोललात?" शिवांजली रडकुंडीला आली.

"आगं, शाल घिऊन शिव्या घालायच्या व्हय?" ते म्हणाले खरे, पण त्या दिवशी त्यांना घास गिळवला नाही.

त्यानंतर त्यांनी तीन पत्रं धाडली. शेवटी कंपनीचं एकच उत्तर आलं, तेही मराठीत: 'तक्रारदारांनी स्वतः जाहीर सभेत समाधान व्यक्त केले आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' सुभेदारांनी ते चारदा वाचलं. मॅनेजरला शिव्या तरी कशा घालणार? शब्द त्यांच्याच तोंडचे होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

पोस्टमन आल्याचं कळताच बनुबाई धावत आली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पदराने घाम पुसत ती पायरीवर टेकली.

"काय लिवलंय वो?"

सुभेदारांनी कागदाची घडी घातली.

"चौकशी चालू हाय म्हनत्यात," ते म्हणाले.

"मी म्हनलंच हुतं समद्यांना," बनुबाई उठत म्हणाली, "सुभेदार हायत, आता घोर न्हाई."